बरोबर लागलेला सूर

४ नोव्हेंबर

नव्या घरात शिरलं की लोक आधी नळाला पाणी येतं का ते पाहतात. मी टाळी वाजवतो. घरमालकीणबाई किल्ली घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हे कसलं ध्यान पदरात पडलं असा चेहरा केला. मग मी त्यांना सांगितलं की रिकामी खोली टाळीला उत्तर देते. दोन भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा इकडून तिकडे आपटत राहतो आणि त्याला जायला-यायला जेवढा वेळ लागतो, त्यावरून खोलीचा म्हणून एक सूर ठरतो. या खोलीचा चांगला भरदार आहे. बाई म्हणाल्या, सूर असो की नसो, नऊनंतर वाजवायचं नाही.

एक खाट, एक टेबल, लोखंडी कपाट आणि रस्त्यावरची मोठी खिडकी. आणखी काय लागतं माणसाला? इतकी वर्षं शिकवण्या करून दुसऱ्यांच्या मुलांचे बेसूर गळे ऐकले, कान किटले अगदी. आता उद्यापासून वाद्यांच्या कारखान्यात सूर लावायचं काम. जे आयुष्यभर फुकट केलं असतं, त्याचा पगार मिळणार. मी आज खोलीत एकटाच हसत होतो.

६ नोव्हेंबर

कारखान्यात लाकडी पट्ट्यांची वाद्यं होतात. लहान-मोठ्या पट्ट्या ओळीने मांडलेल्या असतात आणि काठीच्या टोकाला गोळा लावून त्या वाजवायच्या. पट्टी लांब तर सूर खाली, आखूड तर वर, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सुताराच्या हातून आलेली पट्टी सुराच्या फक्त जवळपास असते. तिला नेमक्या जागी नेऊन बसवायचं काम माझं. पोटाकडून मध्यावर तासलं की ती लवचीक होते, सावकाश थरथरते आणि सूर उतरतो. टोकाकडून तासलं की हलकी होते आणि सूर चढतो. जास्त तासलं तर खेळ खलास. तासलेलं लाकूड परत चिकटत नाही.

माणसं बरी आहेत. साहेब दिवसातून दोनदा फेरी मारतात आणि काहीतरी बोललं पाहिजे म्हणून बोलतात. दादा टाकीवर आहेत. टाकीचं दार आणि पंप त्यांच्या ताब्यात. त्यांना सगळा कारखाना दादा म्हणतो, कारण त्यांची पाठची बहीण इथेच कामाला आहे आणि ती दिवसभर दादा, दादा करत असते. आईबाप लवकर गेले, दादांनीच तिला वाढवलं, असं सुतार सांगत होता. ती टाकीत पट्ट्या रचते. अंगाने काटकुळी, जिथे माझा हात शिरणार नाही तिथे ती अख्खी शिरून उलटी फिरून बाहेर येते. म्हणून तिला खार म्हणतात. पहिल्याच दिवशी तिने माझं बारसं केलं. मी प्रत्येक वस्तूला टिचकी मारून कान लावतो म्हणून कानोबा.

९ नोव्हेंबर

आज टाकी पाहिली. दालनाच्या टोकाला आडवी पडलेली, पोलादी. मागून बंद, पुढून जाडजूड गोल दार. आत माणूस रांगत जाऊ शकतो. पट्ट्या चौकटींवर रचून आत सरकवायच्या, दार लावायचं आणि पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. लाकडाच्या छिद्रांतली हवाही तिच्याबरोबर निघते. मग पातळ राळ सोडली की ती पार गाभ्यापर्यंत मुरते आणि अशी पट्टी पुढे दमट हवेतही आपला सूर सोडत नाही.

राळेचा वास उग्र. आत फार वेळ थांबलं तर भोवळ येते. पूर्वी एक जण मागच्या टोकाला बेशुद्ध पडला होता, चौकटींच्या आडून कुणाला दिसला नाही आणि थोडक्यात वाचला. तेव्हापासून इथे एक रीत आहे आणि मी तिच्यावर फिदा झालोय. दार लावण्याआधी दादा तीन हाका मारतात. पण बेशुद्ध माणूस ओ कसा देणार? म्हणून हाकेनंतर टाकीचा सूर घ्यायचा. तोंड दाराशी नेऊन गुणगुणत सूर हळूहळू वर न्यायचा. मध्येच एका जागी टाकी आपणहून घुमायला लागते. झोक्याला बरोबर वेळी धक्का दिला की तो मोठा होत जातो, तसं. मग त्यासाठीच ठेवलेला नादकाटा, म्हणजे कायम एकच सूर देणारा पोलादी चिमटा, वाजवायचा आणि दोन्ही सूर जुळतात का ते ऐकायचं.

रोज चौकटी तेवढ्याच, आत हवा तेवढीच, म्हणून सूरही तोच. मागच्या भिंतीशी कुणी पडलेलं असलं, तर टाकी जणू तेवढी आखूड होते आणि सूर चढतो. शिवाय कपडे आणि अंग आवाज पिऊन टाकतात, घुमणं लवकर मरतं. बेशुद्ध माणसाच्या वतीने टाकीच ओ देते म्हणायची!

१४ नोव्हेंबर

आजपासून टाकीचा सूर मी घ्यायचा. दादांनी स्वतःहून साहेबांना सांगितलं की पंपाशेजारी उभं राहून आपले कान जाड झालेत, नवा माणूस केसभर फरकही पकडतो, तर हे काम त्याच्याकडेच द्या. मी वरवर नको नको केलं. मनातून फुगून कोंबडा झालो होतो.

जेवणाच्या सुट्टीत खारीने विचारलं की हवा काढल्यावर आत काही वाजलं तर ऐकू येतं का. मी म्हणालो, नाही. आवाज स्वतः कुठे जात नाही. हवेचा एक कण शेजारच्याला ढकलतो, तो त्याच्या शेजारच्याला, असा निरोप पुढे जातो. हवाच नसली तर निरोप्याच नाही. तिचा विश्वास बसेना. मग दादांनी गजराचं घड्याळ घडी घातलेल्या घोंगडीवर ठेवून टाकीत बंद केलं. पंप सुरू केला, थोड्या थोड्या वेळाने थांबवून आम्ही दाराला कान लावत होतो. गजर बारीक होत गेला आणि शेवटी नाहीसा झाला. हवा सोडली तसा परत आला. खार म्हणाली, बिचारं सगळा वेळ ओरडत होतं आणि आपण बाहेर डबा खात होतो. दादा हसले. मीही.

२६ नोव्हेंबर

थंडी पडली. रस्त्यात माणसं खांदे कानांपर्यंत चढवून चालतात. कारखान्यात मात्र मोठा हीटर दिवसरात्र चालू असतो. माणसांसाठी नाही, लाकडासाठी, हे साहेब उघड सांगतात.

खारीला आज आणखी शहाणपण शिकवलं. उबदार हवेत आवाज जलद जातो, थंड हवेत रेंगाळतो. टाकीची लांबी तीच, पण आवाज रेंगाळला की सूर उतरतो. नादकाटा पोलादाचा, त्याला थंडीवाऱ्याचं फारसं सोयरसुतक नाही. म्हणजे हीटर बंद पडला तर टाकी काट्याच्या खाली बोलणार. तिने लगेच विचारलं, मग हे दादाला सांगितलंस का? मी म्हणालो, हीटर कधी बंद असतो का? उगाच कशाला घोळ. सवडीने साहेबांना लिहून देईन. ती म्हणाली, तुझी सवड म्हणजे उद्याचा परवा.

३ डिसेंबर

आज डोकं फिरलं. मागच्या चौकटीवरची मोठी पट्टी नासून आली. एका टोकाला राळ मुरलेली, दुसरं कोरडं, त्यामुळे सूर दुभंगलेला. मी सगळ्यांसमोर म्हणालो की काही लोकांचे हात चालतात, डोकं चालत नाही. खार लाल झाली. संध्याकाळी उद्याची रचाई तिने एकटीने केली आणि माझ्याकडे न बघता गेली. उद्या समजूत काढायला हवी. जीभ हाडाची नसते म्हणून माणसाने ती अशी चालवावी का?

४ डिसेंबर

खार गेली.

आज लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःलाही वेगळंच सांगायला लागेन.

काल संध्याकाळनंतर कधीतरी हीटर बंद पडला. सकाळी दालनात तोंडातून वाफ निघत होती. सगळ्या खिडक्या बंद. दादांनी विचारलं, आमची बाई कुठे? ती त्यांच्या आधीच घरातून निघाली होती. कुणीतरी म्हणालं, रुसून बसली असेल चहाच्या टपरीवर. रुसली माझ्यावर होती, म्हणून मी मान खाली घातली.

ती टाकीत होती. मागची चौकट पुन्हा नीट लावायला शिरली होती. माझ्या कालच्या बोलण्यावरून. खिडक्या बंद, राळेचा वास कोंडलेला. तिथेच तिला भोवळ आली.

दादांनी तीन हाका मारल्या. मग मी तोंड आत घालून सूर घेतला. टाकी घुमली. काटा वाजवला. सूर जुळला. वर नाही, खाली नाही, अगदी नेमका.

आणि तिथेच मला टोचलं. एवढ्या थंडीत टाकीचा सूर उतरायला हवा होता. नेमका लागूच शकत नव्हता. थंडीने जेवढा उतरवला, तेवढाच कशाने तरी चढवला होता. घुमणंही झटकन मेलं. हे सगळ्या कारखान्यात एकट्या मला कळत होतं. मी ऐकलं होतं.

मी स्वतःशी म्हणालो, आतली हवा कालची असेल, ऊब टिकली असेल. माणसं हात चोळत खोळंबली होती. ही झाली वरवरची कारणं. खरं कारण असं, की सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं, थांबा, मला खात्री वाटत नाही. ज्याचा कान केसभर फरक पकडतो, त्याने असं म्हणायचं? मी मान डोलावली.

दादा वळले, दाराच्या कडेला लावायचं ग्रीस घेऊन आले, दार लावलं आणि पंप सुरू केला.

ती मागच्या भिंतीशी सापडली नाही. दाराशी सापडली.

७ डिसेंबर

चौकशीला बाहेरून अधिकारी आले आहेत. सभ्य गृहस्थ. त्यांनी मला एवढंच विचारलं की त्या दिवशी टाकीचा सूर बरोबर होता का. मी म्हणालो, काट्याशी अगदी जुळत होता. त्यांनी लिहून घेतलं.

मी खोटं बोललो नाही. अक्षर न् अक्षर खरं आहे.

सूर बरोबर, म्हणजे त्या वेळी टाकीत कुणी नव्हतं. म्हणजे ती नंतर शिरली. नंतर म्हणजे दादा ग्रीस आणायला वळले तेव्हा. दार मोकळं सोडून गेले, त्यांच्या पाठीमागून बहीण आत गेली आणि त्यांनी न पाहता दार लावलं. अधिकाऱ्यांनी दोन अधिक दोन चार केले. दुसरं काय करणार? दादांनी प्रतिवाद केला नाही. ते भिंतीला टेकून आपल्या तळहातांकडे बघत होते. मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसलो होतो, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.

थंडीत सूर उतरतो हे मी एकट्या खारीलाच सांगितलं होतं. आता ते सांगायला ती नाही.

१० डिसेंबर

टाकीचं दार उघडं ठेवलंय, तिला कुणी हात लावायचा नाही. बाकी काम सुरू झालं. दादांना घरी बसवलंय.

दिवसभर पट्ट्या लावल्या. प्रत्येक पट्टी मला जराशी चढी लागत होती. सगळ्या, आणि सारख्याच. तासून तासून उतरवल्या. संध्याकाळी साहेबांनी यंत्रावर तपासल्या तर सगळ्या खाली. एवढं लाकूड वाया. ते ओरडले नाहीत, उलट म्हणाले, धक्का बसलाय तुम्हाला, समजू शकतो. त्यांनी ओरडायला हवं होतं.

मी किती उतरवल्या ते मोजलं. तेवढाच फरक. त्या दिवशी थंडीने टाकीचा सूर जेवढा उतरवला होता तेवढा.

१३ डिसेंबर

दुपारी घरी आलो. सवयीने टाळी वाजवली.

खोलीने आखूड उत्तर दिलं.

पुन्हा वाजवली. मग भिंतीकडे तोंड करून गुणगुणलो. खोलीचा सूर चढलाय. घुमणं अर्ध्यात मरतं. सामान तेच आहे. खाट, टेबल, कपाट. पडदा नाही, गादी नवी नाही. कपाटामागच्या कोपऱ्याकडे तोंड केलं की आवाज परतच येत नाही. तिथे काहीतरी तो पितंय.

भर उन्हाचा कवडसा त्या कोपऱ्यात पडला होता. तिथे काही नव्हतं. हे मी डोळ्यांनी सांगतो. कानांनी विचाराल तर तिथे कुणीतरी पाय पोटाशी घेऊन पडलंय.

१५ डिसेंबर

बादली. जिना. न्हाणीघर. कारखान्याचं लाकूड ठेवायचं कोठार. जिथे तिथे टिचकी मारतो आणि जिथे तिथे तेच उत्तर. रिकामं नाही. रिकामं नाही.

काटकुळ्या अंगाचं कुणीतरी.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसलं हे असेल. आज साहेबांना सगळं सांगून टाकायचं ठरवलं. त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत अधिकारी बसलेले दिसले. मी परत फिरलो. उद्या.

१७ डिसेंबर

आज गेलो. साहेब एकटेच होते. मी म्हणालो, मला त्या दिवसाबद्दल बोलायचंय. त्यांनी कानामागे हात धरून, जरा मोठ्याने बोला, असं सांगितलं. मी पुन्हा बोललो. ते म्हणाले, तुमचा घसा बसलाय, गरम पाणी प्या, सावकाश सांगा, घाई काय आहे.

माझा घसा बसलेला नाही. मला माझा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. हाडांतून येतो आपला आवाज आपल्याला, त्याला हवा लागत नाही.

पण खरं सांगू? त्यांनी घाई काय आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. किती हलकट आहे मी.

१९ डिसेंबर

किल्ली आत राहिली म्हणून घरमालकीणबाईंचं दार ठोठावलं. मुठी दुखेपर्यंत. त्या दार उघडून बाजाराला निघाल्या आणि मला पाहून दचकल्या. विचारलं, केव्हापासून उभे आहात? बेल तरी वाजवायची.

बेलही वाजवली होती.

काडी ओढली तर ज्योत धरत नाही. जिना चढताना दम लागतो, छाती भात्यासारखी. डॉक्टर म्हणाले फुप्फुसं ठणठणीत आहेत. माझं बोलणं त्यांना तीनदा विचारावं लागलं.

२१ डिसेंबर

सुतार सांगत होता — म्हणजे दुसऱ्याला सांगत होता, मी जवळ उभा होतो — दादा सोमवारी जबाबावर सही करणार. दार मोकळं सोडलं, माझ्या चुकीने बहीण गेली, असा जबाब. त्यानंतर पोलीस. सुतार म्हणाला, त्यांना तुरुंगाचं काही वाटत नाही, घरी दोन ताटं मांडतात आणि बसून राहतात.

मी सुताराला म्हणालो, ते खोटं आहे. तो माझ्या अंगावरून पलीकडे बघत राहिला.

मी त्याचा हात धरला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घाबरून हात सोडवून घेतला.

२२ डिसेंबर

पट्टी वाजवली. हाताला थरथर लागली. आवाज नाही.

दुसरी. नाही.

माझ्याभोवतीच. दोन हात लांब सुतार वाजवतो ते ऐकू येतं, बारीक, दाराआडून आल्यासारखं. तेही कमी होत चाललंय.

पंप चालू आहे. कारखान्यातला बंद आहे, तो नाही. दुसरा. सावकाश ओढतोय —

सूर मात्र आहे. तो नेमका, बरोबर लागलेला. कानात नाही, दातांत.

लिहून द्यावं. हो, लिहायला हवा लागत नाही. इतके दिवस का नाही सुचलं? की सुचलं होतं? रोज ही वही उघडत होतो, रोज स्वतःलाच लिहून मोकळा होत होतो. एक कागद फाडून दादांच्या दारात टाकायला काय झालं होतं मला.

उद्या सकाळी. रविवार आहे. ते घरी असतील.

२३ डिसेंबर

दादाच आले.

कपडे करून निघणार तोच दारात उभे. ठोठावलं असेल, मला ऐकू आलं नाही. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मी त्यांना बसवलं. त्यांचं बोलणं कापसातून आल्यासारखं येत होतं, पण सगळं कळलं.

म्हणाले, सही उद्या करायचीच आहे, त्याचं काही नाही. पण एक विचारायला आलोय. सूर घेतल्यावर तुम्ही दाराजवळ होता. मी वळलो तेव्हा ती माझ्या मागून आत गेली का? तुम्हाला दिसली का? मी किती आठवतो, मला पायांचा आवाज आठवत नाही. लहानपणापासून तिचं पाऊल मला झोपेतही कळायचं. त्या दिवशीच कसं कळलं नाही? तेवढं सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी जगेन.

मी सांगितलं. सगळं. ती आधीपासून आत होती, मला कळलं होतं, मी मान डोलावली, दादा, तुमचा काही दोष नाही, मी मारलं तिला. ओरडून सांगितलं. घशाच्या शिरा तटतटल्या.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. वाट बघत होते.

मी टेबलावर मूठ आपटली. पेन्सिल शोधायला वळलो — वळलो तेवढ्यात ते उठले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, राहू द्या. तुमच्या तोंडून निघत नाही. समजलं मला काय ते.

माझीच समजूत घातली त्यांनी. नुसती मान हलवून नाही म्हटलं असतं तरी पुरलं असतं, ते आत्ता सुचतंय. आणि गेले.

मागे धावलो. तीन पायऱ्या. छातीत हवाच नाही, गुडघ्यांवर पडलो, हाका मारल्या. त्यांनी मागे पाहिलं नाही. रांगत वर आलो. खिडकी उघडून तांब्या खाली फेकला. रस्त्यावर पडला, उडाला, लोळला. कुणी वर बघितलं नाही.

ते कोपऱ्यावर पोचलेत. घराकडे डावीकडे वळायचं. ते उजवीकडे —

कारखान्याकडे. रविवार. कुणी नाही तिथे. टाकी उघडी —

कागद फाडून खाली टाकतो, कुणीतरी उचलेल, कुणीतरी धावेल. मोठ्या अक्षरांत. हात जड —

दादांना अडवा. दादा, ती तुमच्या मागून गेली नाही. ती आधीच आत होती. सूर बरोबर लागला तो थंडीमुळे, आणि मला ते तेव्हाच कळ